न पटणारं बोलणं आणि कायदा: पुण्यात शिकणाऱ्या दोघींच्या अटकांच्या निमित्ताने

मे २०२५ मध्ये पुण्यात शिकणाऱ्या दोन मुलींना, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने, समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून अटक झाली. पहिली इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना तिने सरकारवर टीका करणारी दुसऱ्याची पोस्ट पुढे टाकली, लगेच काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी तिला येरवड्यात जावं लागलं आणि कॉलेजनेही नाव काढून टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि परीक्षेला बसू देण्यास सांगितलं. दुसरी कायद्याची विद्यार्थिनी. तिने एका व्हिडिओत दुसऱ्या धर्माबद्दल अपमानकारक शब्द वापरले, असा आरोप होता. तिनेही व्हिडिओ काढला, माफी मागितली. पण कोलकाता पोलीस हरियाणात जाऊन तिला घेऊन गेले. ५ जूनला कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला अंतरिम जामीन दिला.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या बातमीला ज्यांनी पसंतीचे अंगठे दिले, तेच दुसऱ्या बातमीनंतर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लिहू लागले. आणि जे पहिलीसाठी तळमळत होते, ते दुसरीच्या वेळी म्हणाले, “कायदा आपलं काम करेल.” मी शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो आणि माझं मत बरीच वर्षं उजवीकडे जातं. पहिल्या बातमीच्या वेळी मी गप्प बसलो होतो. तेव्हा बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. म्हणून हे सगळं मुळापासून मांडतो.

घटनेत नेमकं काय लिहिलं आहे

राज्यघटनेतल्या कलमाला अनुच्छेद म्हणतात. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो. लगेच खाली १९(२) सांगतो की या स्वातंत्र्यावर सरकार कायदा करून ‘वाजवी निर्बंध’ घालू शकतं, पण काही ठरावीक कारणांसाठीच. ती कारणं आठ आहेत: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी.

सोसायटीच्या गच्चीचं उदाहरण घ्या. गच्ची सगळ्यांची. पोटनियमात लिहिलंय की आठ कारणांसाठी कमिटी गच्ची बंद ठेवू शकते: टाकी धुणं, वॉटरप्रूफिंग वगैरे. आता एखाद्या सेक्रेटरीला चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा राग आला आणि त्याने कुलूप लावलं, तर आपण पोटनियम दाखवतो. ‘मला आवडत नाही’ हे त्या आठांत नाही. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, ठराव करून नववं कारण घालता येईल, पण कुलूप आधी आणि ठराव नंतर, असं चालत नाही.

‘भावना दुखावणं’ हे शब्द त्या आठांत कुठेही नाहीत. धर्मभावना दुखावण्याचा गुन्हा कायद्यात आहे. जुन्या दंडसंहितेतलं कलम २९५अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ते कायम ठेवलं, ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर. आणि त्या कलमात शब्द आहेत ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’. म्हणजे दुखावलं गेलं एवढं पुरत नाही, जाणूनबुजून दुखावण्याचा हेतू दाखवावा लागतो. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेताना हा हेतूचा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो.

२६ मे १९५०: दोन साप्ताहिकं, एकाच दिवशी

घटना लागू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. मद्रास सरकारने ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाला राज्यात यायला बंदी केली होती. दिल्लीच्या प्रशासनाने ‘ऑर्गनायझर’ या संघविचारांच्या साप्ताहिकाला हुकूम दिला होता की मजकूर छापण्याआधी सरकारला दाखवायचा. दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २६ मे १९५० रोजी दोघांच्याही बाजूने निकाल लागला. तेव्हा १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारणच नव्हतं. जे कारण घटनेत लिहिलेलं नाही त्यासाठी तोंड बंद करता येणार नाही, असं न्यायालयाने दोघांनाही सारख्याच न्यायाने सांगितलं.

पंडित नेहरूंच्या सरकारने पुढच्याच वर्षी घटना बदलली. जून १९५१ मधल्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय देशांशी मैत्री आणि गुन्ह्याला चिथावणी ही तीन कारणं आत आणली. ‘वाजवी’ हा शब्दही तेव्हाच आला, आणि तो मोलाचा आहे, कारण त्यामुळेच निर्बंध प्रमाणाबाहेर आहे का हे न्यायालयाला तपासता येतं. पण हे सगळं केलं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधीच्या, हंगामी संसदेने. सभागृहात या दुरुस्तीला सगळ्यात कडाडून विरोध केला तो डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी जनसंघ स्थापन केला.

आज उजवीकडचा एखादा तरुण मला म्हणतो की अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे डाव्यांचं खूळ आहे, तेव्हा मी त्याला ही तारीख सांगतो. आपल्या विचारांच्या साप्ताहिकाला वाचवणारं तत्त्व आणि कम्युनिस्टांच्या साप्ताहिकाला वाचवणारं तत्त्व एकच होतं. एक काढलं तर दुसरं उरत नव्हतं.

‘सुव्यवस्था बिघडेल’ म्हणजे नेमकं काय

आजच्या बहुतेक प्रकरणांत सरकार ज्या दारातून आत येतं ते दार सार्वजनिक सुव्यवस्थेचं. त्यामुळे हा शब्द किती रुंद आहे यावर सगळं अवलंबून असतं.

१९६५ साली राममनोहर लोहियांच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी तीन वर्तुळांचं चित्र मांडलं. सगळ्यात मोठं वर्तुळ ‘कायदा आणि सुव्यवस्था’चं. त्याच्या आत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि अगदी आत ‘राज्याची सुरक्षितता’. पुणेकरांनी जिल्हा, शहर आणि पेठ असं डोळ्यांसमोर आणावं. पेठेतलं सगळं शहरात येतं, पण जिल्ह्यातलं सगळं काही शहरात येत नाही. टिळक रस्त्यावर पार्किंगवरून दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, तर कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न झाला. पोलीस येतील, समज देतील, गुन्हाही नोंदवतील. पण शहराचं जगणं त्याने थांबत नाही, म्हणून ती सार्वजनिक सुव्यवस्था नव्हे. १९(२) मध्ये लिहिलंय ते मधलं वर्तुळ, बाहेरचं नाही. एका पोस्टवरून दोन गटांत शिवीगाळ झाली, ग्रुप फुटला, चौकात बाचाबाची झाली, एवढ्याने बोलण्यावर बंधन घालण्याचं कारण तयार होत नाही.

१९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी नेमकं सांगितलं. बोलणं आणि धोका यांचं नातं बंदुकीच्या दारूच्या पिंपात पडलेल्या ठिणगीसारखं सरळ असायला हवं. ‘पुढेमागे कधीतरी काहीतरी होईल’ हे चालत नाही. शिवाय निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमक्या आहेत म्हणून बोलणाऱ्याला गप्प करणं म्हणजे दहशतीपुढे शरण जाणं, असंही बजावलं.

मग कुणी महाराजांबद्दल काहीही बोलायचं का?

हा प्रश्न पुण्यात पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि तो यायलाच हवा. शिवरायांबद्दल वेडंवाकडं लिहिलेलं वाचून ज्याचं रक्त तापत नाही, त्याने या मुद्द्यावर मला शिकवू नये. तरी दोन गोष्टी सांगतो. दोन्ही पुण्याच्या आहेत.

१८९७. जूनमध्ये केसरीत शिवोत्सवाचा वृत्तांत आणि महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापली गेली. त्यानंतर काही दिवसांत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. कलम १२४अ मध्ये शब्द होता ‘अप्रीती’. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला त्याचा अर्थ सांगितला: प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारबद्दल प्रेम वाटत नसेल तरी तो गुन्हा. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी, निकालही सहा विरुद्ध तीन. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, इंग्रजांनी दंडसंहितेत दुरुस्ती केली आणि त्यातच १५३अ हे नवं कलम आणलं: दोन समाजांत वैर पसरवण्याचा गुन्हा. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम १९६ म्हणून उभं आहे, आणि त्या दोन मुलींसारख्या प्रकरणांत हेच कलम हमखास लागतं. लोकमान्यांना आत टाकणाऱ्यांनी घडवलेलं हत्यार आपण हौसेने वापरतो तेव्हा मला त्या सहा विरुद्ध तीनची आठवण होते. महाराजांचा गौरव करणारा मजकूरसुद्धा, सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्या वाचनात, वैर पसरवणारा ठरू शकतो. तसा तो ठरला होता.

दुसरी गोष्ट ५ जानेवारी २००४ ची. एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकात महाराजांबद्दल अत्यंत चीड आणणारा मजकूर होता. प्रकाशकाने ते पुस्तक आधीच मागे घेतलं होतं. तरी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करायला तिथल्या विद्वानांनी जवळजवळ अर्धशतक घालवलं. त्या वास्तूत त्या दिवशी कपाटं फोडली गेली, पोथ्या आणि ग्रंथ जमिनीवर आले. परंपरा जपणं हे स्वतःचं काम मानणाऱ्या माझ्यासारख्याला ते दृश्य आजही सहन होत नाही. पुस्तक लिहिणारा सातासमुद्रापार होता. फाटलं ते आपलं.

सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली, गुन्हा नोंदवला. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला आणि २०१० साली बंदी उठवणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. पुस्तकातला मजकूर बरोबर आहे असं कुणीही म्हटलं नव्हतं. १५३अ लावायचं तर कोणत्या दोन समाजांत वैर पसरतंय ते दाखवावं लागतं, आणि ते सरकारला दाखवता आलं नाही. महाराजांबद्दल आदर नसलेला समाज महाराष्ट्रात आहे कुठला?

झुंडीला पुणे जुनं ओळखतं

१८७५ मध्ये स्वामी दयानंद पुण्यात आले. त्यांच्या मिरवणुकीत न्यायमूर्ती रानडे आणि जोतीराव फुले होते. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली आणि रानड्यांच्या अंगावर चिखल उडाला. त्याच वर्षी रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती आजही भरते. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन होतं. त्या मंडपात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवली तर मंडप जाळू, अशा धमक्या आल्या. रानड्यांनी परिषद फर्ग्युसन कॉलेजात हलवली.

त्या काळी झुंड सनातन्यांची होती. नंतर ती प्रत्येक रंगाची झाली. नाटकाचा प्रयोग, चित्रपट, व्याख्यान, जे काही रद्द होतं त्यामागे एकच फोन असतो: “आम्ही जबाबदार राहणार नाही.” आणि पोलीस आयोजकालाच समजावतात की कशाला वाद. यात बंदीचा लेखी हुकूम कुठेही नसतो, त्यामुळे कोर्टात आव्हान द्यायला कागदही हातात राहत नाही. १९८९ चा निकाल इथे लागू आहे, पण तो वापरायला आयोजकाकडे वेळ, पैसा आणि हिंमत, तिन्ही लागतात.

गणपतीच्या मांडवाला परवानगी देताना महापालिका विचारते: रस्ता किती रुंद, मांडव किती फूट. देखावा कशाचा आहे आणि तो पटतो का, हे परवानगीचं कारण नसतं. व्याख्यानाला, मोर्चाला, प्रयोगालाही हाच नियम लावला तरी निम्मी भांडणं मिटतील.

प्रक्रिया हीच शिक्षा

लोक निकालाकडे बघतात. आम्ही वकील तारखांकडे बघतो.

१९६ किंवा २९९ खाली दाखल होणारा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असतो. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अजामीनपात्र म्हणजे जामीन ठाण्यात मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. आधी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. मोबाइल पंचनाम्यात जातो. नोकरी असेल तर नोटीस येते, शिक्षण चालू असेल तर कॉलेज हात झटकतं. यातलं काहीच ‘शिक्षा’ म्हणून नोंदलं जात नाही.

आणि आता पक्षीय राजकारणाचा सांधा. या कलमांखाली खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते, जिला मंजुरी म्हणतात. मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. पण गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला मंजुरी लागत नाही. म्हणजे आरोपीला त्रास द्यायला कुणाला विचारायचं नाही, आणि त्याला दोषी ठरवण्यासाठी न्यायाधीशासमोर जायचं तेवढं सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर. सत्ता ज्याची, त्याच्या माणसाची फाइल मंत्रालयात झोपते आणि विरोधकाची धावते. सरकार बदललं की फायलींची अदलाबदल होते.

२०१८ साली माझ्याकडे मध्य पुण्यातला एक छोटा दुकानदार आला. त्याने एक फॉरवर्ड पुढे ढकललं होतं. मजकूर वाईटच होता, मी ते त्याच्या तोंडावर सांगितलं. चार दिवस कोठडी झाली. मोबाइल चौदा महिन्यांनी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, परत मिळाला, तोवर त्याच्या उधारीच्या नोंदी त्यातच अडकून पडल्या. चार्जशीट दाखल झालं, मंजुरी आली नाही. त्यानंतर राज्यात सरकारं बदलली, पक्ष फुटले, चिन्हं बदलली. मंजुरी देणारही नाही आणि नाकारणारही नाही, या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत दिसलं.

न्यायाधीश उजवा असतो म्हणजे काय

आपल्याकडे समज असा की उजव्या विचारांचा न्यायाधीश म्हणजे उजव्या पक्षाला निकाल देणारा. अमेरिकेतल्या एका खटल्याने हा समज साफ होतो. १९८४ साली डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी एका निदर्शकाने अमेरिकेचा झेंडा जाळला. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. त्या पाचांत होते अँटोनिन स्कॅलिया, रेगन यांनी नेमलेले आणि आजवर उजव्यांचं दैवत मानले गेलेले न्यायाधीश. पुढे ते उघड सांगत की त्यांच्या मनावर असतं तर झेंडा जाळणाऱ्याला त्यांनी तुरुंगात धाडलं असतं. पण त्यांच्यापुढे प्रश्न मनाचा नव्हता, १७९१ पासून लिहून ठेवलेल्या शब्दांचा होता.

याला शब्दनिष्ठा म्हणू. घटनेत, कायद्यात जे लिहिलंय आणि लिहिताना त्याचा जो अर्थ होता, तो पाळायचा. बदल हवा असेल तर लोकांनी निवडलेल्या संसदेत जाऊन करायचा. अंपायरने मैदानात उभं राहून सीमारेषा सरकवायची नाही. हीच शब्दनिष्ठा भारतात वेगळं उत्तर देते, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे १९७१ पासून राष्ट्रध्वज जाळणं कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या घटनेत १९(२) आहे. अमेरिकेचा निकाल उचलून इथे चिकटवणं हीसुद्धा शब्दांशी बेइमानीच.

न्यायालयांवर माझा आक्षेप आहे तो याच कसोटीवर. जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितलं की १९(२) मधली आठ कारणं संपूर्ण आहेत, त्यात भर घालता येणार नाही. छान. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये एका यूट्यूबरला अश्लील बोलण्याच्या प्रकरणात अटकेपासून संरक्षण देताना त्याच न्यायालयाने त्याला कार्यक्रम प्रसारित करायलाच मनाई केली. दोनएक आठवड्यांनी ती अटींसह उठवली. त्याचं बोलणं किळसवाणं होतं. पण दोषी ठरण्याआधी, कोणत्याही कायद्यात नसलेली तोंडबंदी जामिनासारख्या सवलतीच्या अटीतून आली, आणि हे नववं दार स्वतः द्वारपालाने उघडलं.

याला जोडूनच नेमणुकांचा प्रश्न येतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मुख्यतः न्यायाधीशच निवडतात. त्या मंडळाला कॉलेजियम म्हणतात. संसदेने जवळपास एकमताने आणि निम्म्याहून अधिक राज्यांच्या संमतीने आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ साली चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. घटनेच्या मजकुरात ‘कॉलेजियम’ हा शब्द शोधून सापडत नाही. मला तो निकाल चुकीचा वाटतो. मात्र त्यावरून ‘मग कोर्टाचं ऐकायचंच कशाला’ इथपर्यंत जाणारे लोक बघतो तेव्हा भीती वाटते. २६ मे १९५० ला ‘ऑर्गनायझर’कडे दुसरा कुठला आधार होता?

खोटं पसरवणाऱ्याचं काय?

खोटं बोलून कुणाची बदनामी केली तर अब्रुनुकसानी हे आठांतलं एक कारण आहेच. सावरकरांबद्दलच्या राहुल गांधींच्या वक्तव्यावरून पुण्याच्या न्यायालयात तशी फिर्याद चालू आहे. मला तो मार्ग योग्य वाटतो. साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते, आणि ज्याला राग आला त्याला दगडाऐवजी वकील शोधावा लागतो.

सरकारबद्दलचं खोटं कुणी ठरवायचं, हे मात्र वेगळं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम केला होता की सरकारी कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा आहे का, हे सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष सांगेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. मी ज्यांना मत दिलं त्यांचाच तो नियम होता आणि तो रद्द झाला हे बरंच झालं. सोसायटीच्या हिशेबावर शंका घेतली तर ती खरी की खोटी हे खजिनदाराने ठरवायचं, असं कोणती एजीएम मान्य करेल?

‘समोरचे असा विचार करत नाहीत, मग आपणच का?’

पुन्हा पुन्हा येणारा हा सवाल. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांबद्दलच्या एका वाक्यावरून केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना अटक झाली. मे २०२२ मध्ये शरद पवारांबद्दलची पोस्ट टाकल्यावरून एका मराठी अभिनेत्रीवर राज्यभर गुन्हे दाखल झाले आणि ती महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहिली. तेव्हा पुरोगामी म्हणवणारे किती बोलले? फार थोडे. हा राग खरा आहे, माझाही आहे.

पण त्याचं उत्तर म्हणून आपण तेच करायचं ठरवलं, तर दर पाच वर्षांनी पाळी बदलेल एवढंच होईल. कायदा तपासायची माझी एक सवय आहे. तो मला सगळ्यात नकोशा वाटणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या हातात आहे असं धरून वाचायचा. १९६ मधलं ‘वैर’, राजद्रोहाच्या जागी आलेल्या १५२ मधलं ‘सार्वभौमता धोक्यात आणणारं कृत्य’, हे शब्द त्या माणसाच्या आवाजात वाचून बघा.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकावरचा गुन्हा रद्द केला. त्याने अनुच्छेद ३७० रद्द झाल्याच्या दिवसाला व्हॉट्सॲप स्टेटसवर काळा दिवस म्हटलं होतं. माझ्या आयुष्यातल्या आनंदाच्या दिवसांपैकी तो एक दिवस. तरी ते स्टेटस हा गुन्हा नव्हता. संसदेच्या निर्णयाला वाईट म्हणणं गुन्हा ठरलं, तर १९५१ मध्ये मुखर्जींनी सभागृहाबाहेर जे बोलावं तेही गुन्हाच ठरलं असतं.

तुमच्या फोनपर्यंत आलं तर

नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३(३) आहे. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात आणि मगच गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरवू शकतात. कलम १९६ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे ते या चौकटीत बसतं. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी काँग्रेसच्या एका खासदारावरचा कवितेवरून झालेला गुन्हा रद्द केला. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत या चौकशीचा मार्ग घेणं योग्य, असं त्यांनी सांगितलं. शब्दांचा परिणाम खंबीर आणि शहाण्या माणसाच्या नजरेने मोजायचा, कायम असुरक्षित वाटणाऱ्याच्या नजरेने नाही, हेही त्याच निकालात आहे.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. पोलिसांनी कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देणं अपेक्षित असतं आणि अटक केलीच तर कारण लिहून ठेवावं लागतं. नोटीस आली तर घाबरून फोन फॉरमॅट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा लागतो. नोटिशीची प्रत घ्या, वकिलाला गाठा, तारखेला हजर राहा. एकाच पोस्टवरून अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले तर ते एकत्र करून मागता येतात.

हे सगळं त्या दुकानदाराला २०१८ साली सांगता आलं नव्हतं, यातला बराच भाग तेव्हा नव्हताच. त्याची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मंजुरीचं काय झालं ते विचारणारा अर्ज मी नव्याने टाइप करून ठेवला आहे, आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या मागे जोडून.